आई म्हणते

आईचा फोटो भिंतीवर ठेवायचा की काढायचा, यावरून सकाळपासून घरात वाजत होतं. दादाचं म्हणणं, राहू दे. आज बारक्या दारातून आत येईल, बघेल आणि जे काय व्हायचं ते होऊन जाईल, आपल्यापैकी कुणाला तोंडच उघडायला नको. त्यावर ताई म्हणाली, आई गेल्याचं माणसाला भिंतीनं सांगायचं का? मग दोघांनी आबांकडे पाहिलं. आबा पुढच्या खोलीत, म्हणजे त्यांच्या कामाच्या खोलीत, कुणाच्या तरी कवळीचे वरचे दात मेणात बसवत होते. त्यांनी मानही वर केली नाही. फोटो काढा, म्हणाले, मी सांगेन. इथे बसवून सांगेन.

विषय तिथेच संपला. वाईट बातमी फोनवर द्यायची नाही, समोर बसवून द्यायची, हा आबांचा नियम होता. त्यांच्या आईनं आपल्या भावाच्या मरणाची बातमी फोनवर ऐकली आणि रिसीव्हर हातात धरून ती जी खाली बसली, ती पुन्हा धड उठलीच नाही. तेव्हापासून या घरच्या फोनवर सगळ्यांचं सगळं छान चाललेलं असतं. दादाचा संसार मोडला तेव्हा तोसुद्धा फोनवर कित्येक महिने सुखात चालला होता.

तरी या खेपेला जरा अतीच झालं, हे आता तिघांनाही कळत होतं. थंडी सरता सरता आई गेली आणि आता पुन्हा थंडी पडायला लागली होती. बारक्याला अजून पत्ता नव्हता.

सुरुवातीला कारण खरंच होतं. सगळ्यांत धाकटा बारक्या पंचेचाळिशीतच नोकरी सोडून, बायकोला घेऊन दूरच्या एका स्वस्त देशात राहायला गेला होता. विमा कंपनीत अपघात झालेल्या गाड्या तपासायचं त्याचं काम. चेपलेली दारं आणि फुटलेल्या काचा बघून बघून आपण एक दिवस असेच जाऊ, हे त्याच्या डोक्यात बसलं. साठवलेले पैसे इथे थोडी वर्षं पुरले असते, तिकडे जन्मभर पुरणार होते. तळ्याकाठचं गाव, दोन खोल्यांचं घर, गाडीऐवजी सायकल, बाजार उठायच्या वेळी जाऊन आणलेली भाजी. ‘इथे वेळच वेळ आहे,’ असं तो फोनवर सांगायचा. दादा त्याला निवृत्त साहेब म्हणायला लागला, आणि त्या चेष्टेत थोडा जळफळाटही होता.

तिकडे पाच वर्षं झाल्यावर बारक्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात इकडे आई झोपेत गेली. ऑपरेशनचं सांगायला धाकटीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं फोन केला, तेव्हा ताईला राहवलं नाही. नियम मोडून तिनं तेवढं एकीला सांगितलं. धाकटी रडली आणि म्हणाली, इतक्यात नको, डॉक्टर म्हणतात जराही धक्का नको. जरा बरा झाला की सांगू असं ठरलं. तो बरा झाला तोवर, आज सांगितलं तर काल का नाही सांगितलं, या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच उरलं नव्हतं. मग येईल तेव्हा आबा समोर बसवून सांगतील, असं ठरलं. असं ठरवणं या घराला शोभण्यासारखंच होतं.

इतके दिवस हे लपलं, याला आणखी एक कारण होतं. आईला गेली कित्येक वर्षं फोनवर ऐकू यायचं नाही. बारक्याचा फोन आला की ती ताईच्या शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि जे म्हणायचं ते ताईला म्हणायची. ताई ते फोनमध्ये सांगायची: आई म्हणते, जेवलास का. आई म्हणते, केस किती पांढरे झाले ते विचार. बारक्याला फोनवर आईचा आवाज असा आलाच नव्हता, त्याच्यासाठी आई म्हणजे ताईचा आवाज. ताई दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर काम करायची. आतले डॉक्टर म्हणत, काही खरं नाही. ताई बाहेर येऊन सांगे, प्रयत्न चालू आहेत. कुणाला काय आणि किती सांगायचं हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं होतं.

आई गेल्यावर बारक्याचा पहिला फोन आला तो दवाखान्यातल्या खाटेवरून. आवाज अगदी खोल गेलेला. त्यानं विचारलं, आई काय म्हणते? ताईनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘आई म्हणते, घाबरू नकोस.’

मग ते थांबलंच नाही. पुढच्या फोनला आई म्हणाली, नीट चालायला लाग. त्याच्या पुढच्या फोनला म्हणाली, ‘तू नोकरी सोडलीस ते बरंच केलंस, वेळेत सुटलास.’ हे ऐकून बारक्या पलीकडे लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. आईनं हे म्हणावं म्हणून तो पाच वर्षं थांबला होता. त्या दिवशी ताईला वाटलं, आपण चांगलं काम केलं. आणि एकदा तो फारच एकटा एकटा वाटला, तेव्हा आई हेही म्हणून गेली, ‘एकदा येऊन बघेन म्हणते तुझं घर.’

हे वाक्य ताईनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ते बाहेर आलं तेव्हा बारक्यानं आईसाठी खोली बांधून काढली होती आणि तिला न्यायला तो निघालाही होता.

‘बरी आहे, एवढं म्हणून सोडायचं होतंस,’ दादा तिला म्हणाला होता. ‘तिला प्रवासाला कशाला काढलंस?’

आता फोटो काढताना ताईनं मागची भिंत ओल्या फडक्यानं पुसली, कारण तिथे फिकट चौकोन दिसत होता. पुसून काही तो गेला नाही. मग तिनं तिथे कॅलेंडर लावलं. आईच्या चपला, काठी, चष्मा, सगळं कपाटात गेलं. म्हणजे ज्या वस्तू जागेवर असत्या तर आई घरात आहे असं वाटलं असतं, त्याच तिनं उचलून ठेवल्या. दादानं ते लक्षात आणून दिलं तेव्हा तिनं चपला परत दाराशी आणून ठेवल्या. मग ते तिला भलतंच वाटलं आणि तिनं त्या पुन्हा उचलल्या.

विमानतळावरून येताना गाडी दादा चालवत होता. बारक्या त्याच्या शेजारी बसला होता, धाकटी मागे. बारक्या चांगला उन्हानं रापला होता, वजन उतरलं होतं आणि तोंडाला क्षणाची उसंत नव्हती. खोलीबद्दलच बोलत होता. खोलीला उंबरा ठेवलेला नाही, कारण आईचा पाय अडकतो. दार रुंद केलं, उद्या चाकाची खुर्ची लागली तरी आत जाईल. खिडकी बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल इतकी खाली घेतली. गवंडी म्हणत होता, इतकी खाली खिडकी कुणी घेत नाही. बारक्यानं त्याला आईची उंची हातानं दाखवली.

‘इथपर्यंत,’ तो म्हणाला आणि गाडीतही त्यानं हात करून दाखवला.

धाकटीनं बाहेर पाहिलं. ती खिडकी होताना ती रोज बघत होती. विटा आल्या तेव्हा सांगू, असं तिनं ठरवलं होतं. मग गिलावा होईपर्यंत थांबली. रंग देताना बारक्या शिडीवर चढून गाणं म्हणत होता, आणि ऑपरेशननंतर त्याला गाताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून तेव्हाही गप्प राहिली. तिच्या मनात आणखीही काही होतं, जे तिनं ताईंनाही सांगितलं नव्हतं. त्या गावात गेल्यावर दुसऱ्या वर्षापासूनच बारक्या दुपारी दुपारी नुसता भिंतीकडे बघत बसायला लागला होता. एकच सायकल उघडायचा, पुसायचा, परत जोडायचा. खोलीच्या कामानं तो माणसात आला होता. ते काम बंद पाडायची हिंमत तिच्यात नव्हती.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा दादानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. सांगू का, असं त्याच्या नजरेत होतं. आबांचा नियम दादानं कधीच मनापासून मानला नव्हता. धाकटीला क्षणभर वाटलं, सांगू दे, इथेच मोकळं होऊ दे. मग तिनं नवऱ्याच्या मानेकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. दादानं गियर टाकला.

‘आई तयार आहे ना रे?’ बारक्यानं विचारलं. ‘का ऐन वेळी नाही म्हणतेय? तिचं काही सांगता येत नाही.’

‘घरी चल,’ दादा म्हणाला. ‘आबा वाट बघतायत.’

आबा दाराशी उभे होते. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला होता, पण प्लास्टरची पांढरी भुकटी नखांत तशीच होती, ती कधीच जायची नाही. बारक्या वाकला, त्यांनी त्याला उठवून छातीशी धरलं, आणि ते असं कधी करत नसत म्हणून बारक्या जरा चकित झाला. त्यानं त्यांच्या खांद्यावरून आत पाहून आईला हाक मारली. तिला ऐकू जाणार नाही हे आठवून तो स्वतःच हसला.

‘आधी इकडे बस,’ आबा म्हणाले आणि त्याला पुढच्या खोलीत घेऊन गेले.

ताई, दादा आणि धाकटी दारातच थांबले. गिऱ्हाइकाला बसवायच्या उंच खुर्चीत आबांनी बारक्याला बसवलं. सकाळपासून त्यांनी वाक्य जुळवून ठेवलं होतं. एकच वाक्य, छोटं, फाटे नसलेलं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या तोंडात दात बसवले, आणि बोळक्या तोंडानं आलेली माणसं त्यांच्यासमोर पहिला शब्द नीट म्हणून हसायची, हे त्यांचं सगळ्यात मोठं सुख होतं. आता त्यांचंच तोंड चालेना. त्यांनी मेण वितळवायचा दिवा लावला, परत विझवला. प्लास्टरचं भांडं इकडचं तिकडे केलं. बारक्याला वाटलं, म्हाताऱ्याला पोरगा आल्याचा आनंद झालाय. तो मजेत खुर्चीत मागे रेलला आणि लहानपणीसारखं फळीवर बघायला लागला.

फळीवर साचे होते. ज्याची कवळी केली त्याच्या हिरड्यांचा साचा आबा जपून ठेवत, कवळी मोडली तर परत करता यावी म्हणून. खाली बुडाच्या कडेवर पेन्सिलनं नाव लिहिलेलं असे. आईच्या कवळीचा साचाही त्यातच असे. आणि तो माणूस गेल्याचं कळलं की आबा त्याचा साचा उपडा करून ठेवत. मग केव्हा तरी सवडीनं सगळे उपडे साचे पोत्यात घालून फोडून टाकत. मुलं या फळीखालीच वाढली होती. शाळेतून आलं की आज कोण उपडं झालं, ते आधी बघायचं, ही त्यांची सवय होती. फोटो, चपला, काठी, सगळं आवरलं गेलं होतं. फळीकडे बघायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं, कारण ती तिथे कायमच असते.

बारक्याची नजर एका जागी थांबली. सरळ ठेवलेल्या साच्यांच्या रांगेत एकच साचा उपडा होता. त्याच्या बुडाच्या कडेवर नाव नव्हतं. आबांच्या वळणदार अक्षरात फक्त ‘घर’ असं लिहिलं होतं.

त्यानं ते वाचलं. मग तो उठला, साचा खाली घेतला आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

‘आबा,’ तो म्हणाला, ‘हा चुकून उपडा झालाय ना?’

आबांनी नाही म्हणून मान हलवली. जुळवून ठेवलेलं वाक्य त्यांना आठवेना, आणि आता ते लागणारही नव्हतं. ‘फोडायला हात होईना,’ एवढंच ते म्हणाले आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. दादानं पुढे होऊन त्यांना खुर्चीत बसवलं. बातमी देणाराच बसला आणि ज्याला ती द्यायची तो उभा राहिला.

आतल्या खोलीत टेबलाभोवती बसेपर्यंत बराच वेळ गेला. बारक्या आधी रडला नाही. त्यानं विचारलं, कधी? दादानं सांगितलं. ऑपरेशनचा आठवडा. बारक्यानं धाकटीकडे पाहिलं.

‘तुला माहीत होतं.’

‘हो.’

‘खोली बांधत होतो तेव्हा?’

‘हो,’ धाकटी म्हणाली. ‘तू गात होतास रे.’

मग बारक्या रडला. टेबलावर डोकं ठेवून, अंग गदगदा हलवत रडला, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायला कुणाची छाती होईना, कारण प्रत्येकाचा हात यात होता. शेवटी दादानं ठेवला. दादा म्हणाला, मी पहिल्यापासून सांगत होतो सांगा म्हणून. ताई ताडकन म्हणाली, मग सांगायचं होतंस की, तुझा फोन काय बंद पडला होता? धाकटी म्हणाली, ताईंना नका बोलू, मीच थांबवलं होतं. गेले कित्येक महिने जी माणसं एका बाजूला होती, ती तिथल्या तिथे तीन बाजूंना झाली. आबा पुढच्या खोलीतून आले, खुर्चीवर टेकले आणि कुणाकडेच बघेनात.

बारक्यानं डोळे पुसले. ताईनं त्याच्यापुढे पाणी ठेवलं तेव्हा तिला त्याचा चेहरा दिसला. तो रडत नव्हता, आठवत होता.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘आई येऊन घर बघते म्हणाली, ते तर उन्हाळ्यात.’

‘हो.’

‘मग ते कोण म्हणालं?’

‘मी म्हणाले.’

‘आणि बरंच केलंस, ते?’

ताईला वाटलं, एवढं एक वाक्य आईच्या नावावर राहू द्यावं. आधी कधी तरी म्हणाली होती, मी तुला उशिरा सांगितलं, असं म्हणून टाकावं. म्हटलं असतं तर आबाही मान डोलावून मोकळे झाले असते. खिडकीवर बसून तिनं याहून कितीतरी मोठी थाप पचवली होती. पण बारक्या तिच्याकडे असा बघत होता, की तिच्या तोंडातून ते निघेना.

‘तेही मीच,’ ती म्हणाली. ‘तू दवाखान्यातून नुकता सुटला होतास. तुला बरं वाटावं म्हणून.’

बारक्यानं मान डोलावली. राग आला असता तर ताईला बरं वाटलं असतं.

‘मग ती काय म्हणायची?’ त्यानं विचारलं. ‘असताना. खरंखुरं.’

‘हेच. जेवलास का, तब्येत कशी आहे.’

‘नाही,’ आबा एकदम म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ‘असं नाही म्हणायची ती. सांग त्याला ताई. आता लपवून काय ठेवायचंय.’

ताई खाली बघत राहिली. मग तिनं पहिल्यांदाच आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

‘ती विचारायची, त्याची रजा कधी संपतेय.’

‘रजा?’

‘तू नोकरी सोडलीस हे तिला कधी पटलंच नाही. धडधाकट माणूस काम नसताना इतक्या लांब जाऊन का राहील, असं म्हणायची. आम्ही किती वेळा समजावलं. हो हो म्हणायची, आणि तुझा फोन आला की पुन्हा खुर्ची ओढून बसायची आणि म्हणायची, विचार त्याला, रजा कधी संपतेय. दर फोनला. शेजारीपाजारी पण तेच सांगत फिरायची, बारक्या रजेवर गेलाय, येईल आता. जायच्या आदल्या दिवशीसुद्धा तिनं मला विचारलं.’

‘आणि तू मला सांगायचीस, तब्येत कशी आहे विचारतेय.’

‘तुला लागलं असतं रे,’ ताई म्हणाली. ‘तू तिकडे इतका सुखात. छान चाललंय म्हणून दर वेळी सांगत होतास. त्यात हे कशाला, असं वाटलं.’

धाकटीनं तोंडावर हात ठेवला. बारक्यानं बायकोकडे पाहिलं, मग आबांकडे, मग ताईकडे.

‘मला दुसऱ्याच वर्षी परत यायचं होतं,’ तो म्हणाला. ‘तिकडे दिवस जाता जायचा नाही. पण तुम्ही कुणी कधी येतोस म्हणून विचारेना. मला वाटलं, माझ्यावाचून इथे कुणाचं काही अडत नाही. आईचंसुद्धा.’

बाहेर कुणी तरी कवळी दुरुस्तीला घेऊन आलं होतं आणि दार वाजवत होतं, पण कुणीच उठलं नाही.

‘एकदा जरी सांगितलं असतंस, ताई,’ बारक्या म्हणाला, ‘तर मी संपवली असती गं रजा.’